गरा शाबूत, आठळी बाहेर!



मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी माझ्या चौथीच्या मुलांना घेऊन भाट्याच्या खाडीकाठी गेले होते. ओहोटीची वेळ होती. कांदळवन पुस्तकातल्या चित्रात दाखवण्यापेक्षा डोळ्यांनी दाखवलेलं बरं, एवढाच माझा विचार. पण मुलंच ती! ‘चिखलात उतरू नका’ असं मी म्हणेपर्यंत एकाचा पाय पोटरीपर्यंत रुतलाही. दोघांनी ओढून काढला, तर पाय काळाकुट्ट! आणि वास? सगळ्यांनी एकदम नाकं दाबली.

“बाई, कुजलेल्या अंड्याचा वास येतोय!”

“बरोबर ओळखलंत,” मी म्हटलं. “हा गंधकाचा प्रताप.”

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. तिचे बाबा मिरकरवाड्याहून मासेमारीच्या लाँचवर जातात. ती म्हणाली, “बाई, लाँच सुरू करताना जो धूर येतो ना, तोही नाकाला झोंबतो. त्यात पण गंधक असतं का?”

प्रश्न लहान होता, पण खाडीच्या चिखलाला त्याने थेट डिझेलच्या टाकीशी जोडून टाकलं होतं. त्या दिवशी वेळ कमी पडला. म्हणून तिचं उत्तर आज सगळ्यांसाठी लिहिते आहे.

गंधक कुठे कुठे भेटते?

गंधक तुमच्या ओळखीचे आहे, फक्त ते नाव सांगून येत नाही. दिवाळीत फटाके उडाल्यावर जो वास घशाला झोंबतो, तो जळालेल्या गंधकाचा. कांदा चिरताना आईच्या डोळ्यांतून पाणी येते, ते गंधकाच्या एका संयुगामुळे. ठेवणीतले चांदीचे पैंजण काळे पडतात, ते हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे. आपल्याच जिल्ह्यात दापोली तालुक्यात उन्हवरे गावी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथल्या पाण्यातही गंधक आहे. आणि आंब्याला मोहोर आला की भुरी रोग पडू नये म्हणून बागायतदार जी पिवळसर भुकटी पाण्यात कालवून फवारतात, तेही गंधकच!

गंधक वाईट नाही बरं का. तुमच्या केसांत, नखांत, स्नायूंत गंधक आहे. त्याच्याशिवाय कोणताही जीव जगत नाही. मीठ जसे भाजीत हवेच, पण चहात नको, तसेच गंधकाचे. ते कुठे आहे, यावर सगळे अवलंबून.

तेलात ते शिरले कसे?

आता खाडीच्या चिखलाकडे परत या. त्या चिखलात खोलवर हवा पोचत नाही. तिथे काही जीवाणू राहतात, इतके बारीक की एका मिलिमीटरमध्ये सुमारे हजारभर ओळीने बसतील. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो. यांना तो मिळत नाही, म्हणून ते समुद्राच्या पाण्यातली सल्फेट नावाची गंधकाची संयुगे वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू चिखलातल्या लोहाशी संयोग पावला की काळे आयर्न सल्फाइड तयार होते. म्हणून पाय काळा!

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाशीही असाच चिखल होता. त्यात सूक्ष्म वनस्पती आणि प्राणी मरून पडत. जीवाणूंनी तयार केलेला गंधकाचा वायू त्या अवशेषांत मिसळून गेला. वर गाळाचे थरावर थर साचले. दाब वाढला, उष्णता वाढली, आणि त्या अवशेषांचे खनिज तेल झाले. गंधक मात्र आतच अडकून राहिले.

सगळीकडच्या तेलात ते सारखे नसते. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने मुंबईजवळच्या समुद्रात ज्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रात तेल शोधले, त्या तेलात गंधक फारच कमी आहे. पण आपल्या देशाला लागणाऱ्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. आखाती देशांतल्या पुष्कळशा तेलांत २ टक्क्यांच्या आसपास गंधक असते. दोन टक्के म्हणजे १०० किलो तेलात २ किलो. ऐकायला थोडे वाटते, नाही? थांबा, पुढे आपण त्याचा हिशेब करणार आहोत.

धुरातला चोर

गंधक असलेले डिझेल इंजिनात जळले की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो नाकातोंडात गेला की घसा चुरचुरतो आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागते. हवेतल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल बनते आणि पावसाबरोबर खाली येते. झाडांनाही तो सोसत नाही. उत्तर भारतात विटांच्या भट्ट्यांजवळच्या आमरायांत आंब्याचे टोक काळे पडण्याचा एक रोग दिसतो. भट्टीच्या धुराशी त्याचा संबंध आहे आणि त्या धुरात हा वायूही असतो. हापूसच्या गावात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे आहे.

म्हणून सरकारने डिझेलमधल्या गंधकावर मर्यादा घातल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे एक टन (हजार किलो) डिझेलमध्ये १० किलो! हळूहळू मर्यादा खाली आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ इंधन आले. आता एक टन डिझेलमध्ये गंधक किती चालते? फक्त १० ग्रॅम. दहा किलोवरून दहा ग्रॅम! त्याच वर्षी १ जानेवारीपासून समुद्रावरच्या मोठ्या जहाजांच्या इंधनातही गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली.

आजची पद्धत: भट्टी आणि दाब

तेलशुद्धीकरण कारखान्यात, म्हणजे रिफायनरीत, गंधक काढतात ते असे. तेल ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यात प्रचंड दाबाखाली हायड्रोजन वायू सोडतात. सोबतीला कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम या धातूंचा उत्प्रेरक असतो. हायड्रोजन गंधकाला तेलापासून ओढून काढतो आणि त्यातून पुन्हा आपला ओळखीचा वायू तयार होतो, हायड्रोजन सल्फाइड! त्यापासून पुढे पिवळेधमक गंधक मिळवतात. आज जगातले बरेचसे गंधक असे तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करतानाच मिळते.

पद्धत चांगली आहे, पण खर्चीक. तापवायला इंधन लागते. हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून तयार करतात, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय काही संयुगांत गंधक असे दडून बसलेले असते की हायड्रोजन सहजासहजी तिथवर पोचत नाही. मग तापमान आणि दाब आणखी वाढवा, खर्चही वाढवा.

तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात आले, ज्या जीवाणूंच्या कुळाने गंधक तेलात घातले, त्यांच्याच कुणा भाऊबंदाला ते काढता येईल का?

फणसाचा धडा

तुम्ही फणसाचा गरा खाल्लाय ना? गऱ्याच्या आत आठळी असते. ती काढायची, पण गरा शाबूत ठेवायचा. कापा फणस असेल तर सोपे. बरका असेल तर? आठळी काढता काढता गऱ्याचा पार लगदा होतो!

तेलातून गंधक काढणे म्हणजे अगदी हेच. तेलातली ऊर्जा असते कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांत. तो आपला गरा. गंधक म्हणजे आठळी. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अभ्यासलेले काही जीवाणू गंधक असलेल्या संयुगावर तुटून पडत खरे, पण कार्बनच्या कड्या फोडून. गरा खाल्ला आणि आठळी तशीच ठेवली! असा कामगार रिफायनरीला काय कामाचा? तेल सांडले तर ते खाऊन टाकणारे जीवाणू हवेत. पण गंधक काढताना तेल खाणारा नको, फक्त आठळी काढणारा हवा.

असा कामगार सापडला १९९० च्या सुमारास अमेरिकेत, शिकागोच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ गॅस टेक्नॉलॉजी’ या संस्थेत. जॉन किलबेन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यासाठी केलेली युक्ती ऐका. जीवाणूंना जगायलाही थोडे गंधक लागतेच. त्याने जीवाणूंच्या मिश्रणाला खायला-प्यायला सगळे दिले, पण गंधक मात्र एकाच जागी ठेवले, तेलातल्या त्या अवघड संयुगात. जणू पंगत वाढली, ताटे भरली, पण मीठ कुलपाच्या डब्यात! ज्याला कुलूप उघडता येईल, तोच जेवेल आणि वाढेल. बाकीचे मागे पडतील.

कुलूप उघडणारा जो निघाला, तो ‘ऱ्होडोकॉकस’ कुळातला जीवाणू. ऱ्होडो म्हणजे गुलाबी, कॉकस म्हणजे दाणा. नावाप्रमाणेच हे कूळ गुलाबी-नारिंगी छटांसाठी ओळखले जाते. मुलांनो, त्याला भट्टी नको, दाब नको. साधारण ३० अंश तापमान, म्हणजे रत्नागिरीच्या दुपारएवढी ऊब, त्याला पुरते.

चार पायऱ्यांचे काम

त्या अवघड संयुगाचे नाव आहे डायबेंझोथायोफीन. नावाला घाबरू नका. दोन षटकोनी कड्या शेजारी शेजारी ठेवा. त्या एका बाजूने एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्यामध्ये गंधकाचा एक अणू दोन हातांनी दोघींना धरून बसला आहे. वहीत काढून पाहा, लगेच समजेल.

जीवाणूकडे विकर नावाची अवजारे असतात. तो कार्बनला हात लावत नाही, गंधकालाच गाठतो.

पहिली पायरी: गंधकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडतो.

दुसरी पायरी: आणखी एक ऑक्सिजन जोडतो. आता गंधकाची पकड सैल झाली.

तिसरी पायरी: गंधकाचा एक हात सोडवतो.

चौथी पायरी: दुसरा हात सोडवतो. गंधक सुटून पाण्यात जाते. त्यातले थोडे जीवाणू स्वतःसाठी घेतो.

आणि दोन्ही षटकोनी कड्या? त्या जशाच्या तशा! त्या परत तेलात मिसळतात आणि इंधन म्हणून जळू शकतात. गरा शाबूत, आठळी बाहेर! हायड्रोजनला अवघड जाणारी दडलेली संयुगेसुद्धा या जीवाणूला हाताळता येतात, हे विशेष.

मग अडले कुठे?

“बाई, मग सगळ्या रिफायनरीत हेच का नाही वापरत?” असे तुम्ही विचारणार. विचारायलाच हवे!

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका कंपनीने हे जीवाणू कारखान्यात नेण्यासाठी खूप धडपड केली. पण तेल शुद्ध करण्याचा मोठा कारखाना या पद्धतीवर उभा राहू शकला नाही. कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण, जीवाणू पाण्यात राहतात आणि गंधक तेलात. दोघांची गाठ घालायची तर तेल-पाणी घुसळावे लागते. नंतर ते वेगळे करायला पुन्हा खटाटोप. दुसरे, जीवाणूचा वेग कमी. रिफायनरीत तेलाच्या नद्या वाहतात, तर हा एकेक अणू सोडवत बसतो. तिसरे, काम करता करता जो पदार्थ साचतो, त्यानेच त्याचे काम मंदावते. आणि चौथे कारण तर अगदी तुमच्यासारखे! जीवाणूला सोप्या रूपातले गंधक मिळाले की तो कुलूप उघडायच्या भानगडीत पडतच नाही. खिशात खाऊ असला की डब्यातली भाकरी कुणी खाते का?

या चारही अडचणींवर प्रयोग झाले आणि होत आहेत. कुणी जीवाणूचे जनुक बदलून त्याचा वेग वाढवू पाहतो, कुणी त्याला छोट्या मण्यांवर बसवून तेलात सोडतो. प्रयोगशाळेत जमले म्हणजे कारखान्यात जमलेच असे नसते, ही विज्ञानातली एक मोठी शिकवण आहे. यश जितके मोलाचे, तितकेच ‘का नाही जमले’ हेही मोलाचे.

महाराष्ट्रातली गोष्ट

तेलात जे अजून पुरते साधले नाही, ते वायूच्या बाबतीत मात्र साधले आहे, आणि त्यासाठी लांब जायला नको.

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या जोडीला मळीपासून अल्कोहोल तयार करणारे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यापासून बायोगॅस मिळतो. तो जाळून वाफ करता येते, वीज करता येते. पण त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तो यंत्रे खाऊन टाकतो आणि माणसालाही घातक आहे. (म्हणूनच सांगते, मैल्याच्या किंवा गोबरगॅसच्या टाकीत कधीही डोकावू नका, उतरू नका. हा वायू जास्त असला तर नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस बेशुद्ध पडतो.)

हा वायू काढायला जीवाणू वापरता येतात. १९५८ साली नागपुरात सुरू झालेली आणि आता ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था तुम्ही ऐकली असेल. तिथल्या शास्त्रज्ञांनी अशा पद्धतीवर काम केले आहे. तिची गंमत अशी. वायू लोहाच्या क्षाराच्या पाण्यातून सोडायचा. लोह गंधकाला वायूतून सोडवते आणि गंधक घन होऊन खाली बसते. पण या कामात लोह ‘दमते’, म्हणजे त्याचे रूप बदलते. मग त्या पाण्यात थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जीवाणू हवेच्या मदतीने लोहाला पुन्हा ताजेतवाने करतो. तेच लोह पुन्हा कामावर हजर! हा जीवाणू खाणींच्या आंबट, आम्लधर्मी पाण्यात मजेत राहणारा आहे.

परदेशात तर नैसर्गिक वायू शुद्ध करायला सोड्याच्या सरोवरांतल्या जीवाणूंची जात कामाला लावली आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आठवा. त्याचे पाणी असेच खारट आणि सोड्यासारखे. अशा पाण्यात कोण कोण राहते, याचा अभ्यास आपले शास्त्रज्ञ करतातच.

आपल्या घरातला प्रश्न

आता राहिलेला हिशेब. आपल्या जिल्ह्यात रिफायनरी या शब्दावरून मोठ्यांमध्ये किती वाद झाले, हे तुम्ही ऐकले असेल. २०१८ साली वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यासाठी करार झाला. राजापूर तालुक्यातल्या नाणारला विरोध झाला आणि २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा आंदोलन झाले. माझ्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरची मुले आहेत. मधल्या सुट्टीत त्यांच्यातही जुंपते! मी कुणाची बाजू घेत नाही. पण नुसते ‘हवी’ किंवा ‘नको’ म्हणण्याऐवजी गणित करायला मात्र लावते.

समजा, तेलात २ टक्के गंधक आहे. मग ६ कोटी टन तेलात गंधक किती? १२ लाख टन, दर वर्षी! दहा टनांचा एक ट्रक धरला तर रोज सुमारे ३२९ ट्रक. हे गंधक तेलातून निघून पिवळे होऊन गोदामात गेले तर ते खत होते, मोहोरावरची भुकटी होते. ते धुराड्यातून किंवा गाड्यांच्या धुरातून हवेत गेले, तर त्याच मोहोरावर आम्ल होऊन पडते. म्हणजे कुठल्याही कारखान्याबद्दल आधी विचारायचा प्रश्न असा, ‘गंधक जाणार कुठे?’

पालकहो, हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना गप्प करू नका. त्यांच्यासोबत कागद-पेन्सिल घेऊन बसा.

करून पाहा

१. मोठ्या माणसाच्या मदतीने दोन अंडी उकडा. एक ८-१० मिनिटांनी काढून थंड पाण्यात टाका, दुसरे २०-२५ मिनिटे उकळू द्या. दोन्ही कापून बघा. जास्त उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडे कडे दिसेल. तेही आयर्न सल्फाइडच, खाडीच्या चिखलातले!

२. झाकणाच्या पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी आणि थोडे गोडेतेल घ्या. हलवा आणि वेगळे व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. मग दोन थेंब भांड्याचा साबण घालून पुन्हा हलवा. आता किती वेळ लागतो? जीवाणूंकडून काम करून घेणाऱ्या शास्त्रज्ञांपुढची पहिली अडचण तुमच्या हातात असेल.

त्या लाँचवाल्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. डिझेलमध्ये गंधक असतेच, पण तिच्या बाबांच्या लहानपणापेक्षा आता ते फार कमी झाले आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे बाई, अजून दहा ग्रॅम उरलंय!”

उरलंय खरं. ते काढायला स्वस्त आणि सोपी युक्ती कोण शोधणार? खाडीच्या चिखलात पाय रुतलेला एखादा हुशार मुलगा, की नाक दाबूनही प्रश्न विचारणारी एखादी मुलगी?